उड्डाणपुलाची श्रेणी

फ्रिजवर माझ्या लेकीनं, मुक्तानं, एक तक्ता चिकटवलाय. ती पाहते त्या भीषण जपानी अ‍ॅनिमेत, म्हणजे कार्टून मालिकेत, प्रत्येक राक्षसाला श्रेणी असते. चौथी सगळ्यात किरकोळ, पहिली भयंकर आणि तिच्याही वर ‘विशेष’. स्कूटरवर मी ज्या जागांना घाबरते, त्यांना तिनं तशाच श्रेण्या दिल्यात. भाजीबाजार चौथी, बसस्टँडचा चौक दुसरी. आणि गेल्या वर्षी मी जिथं पडले, तो उड्डाणपूल विशेष.

“ही श्रेणी ठरवतं कोण गं?” मी विचारलं.

“परत आलेली माणसं, आई. जितकी जास्त माणसं पळून येतात, तितकी राक्षसाची श्रेणी वर जाते.”

मी भांडी पुसत राहिले. म्हणजे राक्षसाची ताकद कुणी मोजतच नाही, माणसांची माघार तेवढी मोजतात. पूल वर्षभर होता तेवढाच आहे. दर वेळी खालच्या रस्त्यानं वळून मीच त्याची श्रेणी वर चढवत आलेय. मला माझाच राग आला.

मुक्ता फ्रिजपाशी उभी राहून तक्त्यावरची पेन्सिलीतली अक्षरं पेनानं गिरवत होती.

“विशेष तेवढं पेन्सिलीतच राहू दे,” मी म्हटलं आणि खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली.