वही ढोबळेकाकांची, नाव माझं

तमाम नागपूरकरांस, विशेषतः ज्यांनी गेली अठरा वर्षे आमच्या दैनिकाचे क्रीडापान वाचून माझ्या अफाट स्मरणशक्तीचे कौतुक केले त्यांस, या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, माझी स्मरणशक्ती अजनीला दोन खोल्यांच्या घरात राहत होती. तिचे वय त्र्याहत्तर होते. ती सायकलवरून हिंडत असे, आणि मागच्या महिन्यात ती वारली.

तिचं नाव नामदेव ढोबळे.

ढोबळेकाका सावनेरकडच्या कोळसा खाणीत हजेरी लिहिणारे कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते खो-खोच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसू लागले. स्टूल स्वतःचं, सायकलच्या कॅरियरला बांधून आणलेलं. गळ्यात स्टॉपवॉच, तेही बुटाच्या लेसनं अडकवलेलं. आयोजकांचा कागद भरून झाला की ते स्वतःची वही काढत. कोणती मुलगी किती वेळ पळाली, तिला कुणी बाद केलं, खुंटाजवळ की मधे, सूर मारून की नुसता हात लावून, सगळं त्यात. जिल्ह्यातले प्रशिक्षक आपल्याच संघाबद्दल काही विचारायचं असलं की काकांच्या स्टुलाशी येऊन उकिडवे बसत.

माझी त्यांची पहिली भेट एका अंतिम सामन्याला झाली. मी बक्षीस वाटप संपल्यावर पोचलो. उशिराचं कारण सावजी मटण होतं, त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. बाकी बऱ्याच गोष्टींचा आहे. मैदानावर फक्त मांडववाले आणि काका उरले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी वही पुढे केली.

"घ्या, उतरून घ्या भाऊ. लोकं घरी गेले, सामना इथंच आहे."

मी उतरून घेतला. दुसऱ्या दिवशी 'आमच्या क्रीडा प्रतिनिधीकडून' अशी दणदणीत बातमी आली. सकाळीच काकांचा फोन. मी मनात दोन-तीन सबबी तयार करूनच उचलला.

"भाऊ, तिसऱ्या ओळीत त्या पोरीची पळती दोन मिनिटं चाळीस लिहिली तुमी. बेचाळीस आहे. दोन सेकंद काहून खाल्ले तिचे?"

बस. स्वतःच्या नावाबद्दल एक शब्द नाही.

मग काय, माझी भीडच चेपली. दर रविवारी काका फोनवरून सांगत, मी लिहून घेई. पुढे ते वहीच्या पानांचे फोटो पाठवू लागले. मला माझ्या फोटोसकट सदर मिळालं. त्यात मी बारा वर्षांपूर्वीची पळती सेकंदासकट सांगायचो आणि वाचक थक्क व्हायचे. एकदा बेसाच्या एका मंडळानं 'चालता बोलता खो-खो कोश' म्हणून माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सगळं. मी भाषणात माझ्या आईचे, संपादकांचे आणि माइकवाल्याचे आभार मानले. दुसऱ्या रांगेत काका बसले होते. टाळ्या सगळ्यात उशिरापर्यंत तेच वाजवत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मस्त बोलले तुमी. आवाज मातर थोडा कमी ठेवत जा, मागं पोरं झोपून राहिली होती."

मी हसलो. त्यांनाही तेच अपेक्षित होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

आता सावनेरची गोष्ट. ती सांगताना मला मजा येत नाही, म्हणून सरळ सांगतो.

तिथल्या स्पर्धेत माधुरी आणि पल्लवी अशा दोघी बहिणी एकाच संघात होत्या. मोठ्या माधुरीचा पाय मुरगळला म्हणून ती बाहेर बसली. धाकट्या पल्लवीनं सूर मारला, तिची जर्सी खांद्यावर टर्रकन फाटली. बहिणीनं आपली काढून दिली. ती जर्सी घालून पल्लवी चार मिनिटं दहा सेकंद पळाली, स्पर्धेतली सगळ्यात लांब पळती. काकांनी नंबर पाहिला आणि माधुरीच्या नावावर लिहिली. मी न पाहता माझ्या सदरात माधुरीवर चौकट छापली. दोन वेबसाइटनी आणि एका यूट्यूबवाल्यानं माझी चौकट न विचारता उचलली. त्यांना मी फोन करून पत्रकारितेच्या नीतीवर अर्धा तास सुनावलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

चार दिवसांनी काका पल्लवीला घेऊन भरदुपारी आमच्या कार्यालयात आले. तिला एका क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश घ्यायचा होता आणि अर्जासोबत कामगिरीचा पुरावा लागणार होता.

"चूक माही आहे," काका उभ्यानंच म्हणाले. "एक डोळा घड्याळावर, एक नंबरावर. तोंडाकडं पाह्यलंच नाही मी. उद्या छापा, गुणलेखक नामदेव ढोबळे यांच्या चुकीमुळं असं झालं. माहं नाव टाकजा भाऊ. नाव टाकल्याबिगर खरं वाटत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी नाव छापायला सांगितलं ते हे एकदाच. आणि तेही चुकीखाली.

पण ते छापलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, म्हणजे हे सगळं ढोबळे सांगतात की काय? मी पल्लवीला चहा पाजला, काकांना "नक्की" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या जाहिरातीखाली दोन ओळी टाकल्या. 'नजरचुकीने' असं झालं म्हणून. कुणाची नजर, ते नाही.

काका पल्लवीसोबत प्रबोधिनीत गेले. वही नेली, आयोजकांचं गुणपत्रकही नेलं. तिथल्या साहेबांनी मोबाइल पुढे धरला. चार ठिकाणी माधुरीचं नाव. गुणपत्रकावर ते नाव खोडून काकांनी स्वतः पल्लवीचं लिहून सही केलेली. साहेब म्हणाले, "चार जण एक सांगतात, तुम्ही एक सांगता. तुम्ही कोण?"

पल्लवीला त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही.

मी अजनीला भेटायला गेलो. काका अंगणात स्टुलाचा पाय ठोकत बसले होते. मी म्हटलं, "काका, माझंच चुकलं." ते खिळा तोंडात धरून ठोकतच राहिले. मग खिळा काढून म्हणाले, "चार ठिकाणी माहीच एक चूक होती भाऊ. चार जण खरंच पाहून राहिले असते, तर एखाद्यानं तरी बरोबर लिहिलं असतं."

पुढच्या रविवारी त्यांच्या वहीचे फोटो नेहमीसारखे आले. फक्त त्या दिवसापासून नंबराशेजारी एक छोटी खूण असायची, चेहरा पाहिल्याची. आणि मी, सांगायला लाज वाटते, ते फोटोही वापरले.

काका गेले. त्यांच्यावर मात्र मी मनापासून लेख लिहिला. स्टूल, बुटाची लेस, खाल्लेले दोन सेकंद, सगळं. लिहिताना रडलो. मथळ्यात त्यांचं नाव टाकलं, पहिल्यांदाच. सावनेरचा मात्र त्यात उल्लेख नव्हता.

शोकसभा मैदानावरच होती, सकाळी. पुढे काकू, त्यांच्याशेजारी पल्लवी. ती आता तालुक्यात मुलींना खो-खो शिकवते. मधे काकांचं स्टूल, त्यावर फोटो. माझी चौकट उचलणाऱ्या त्या दोन वेबसाइटपैकी एकीचा संपादक उठला, मोबाइल काढला आणि म्हणाला, "काकांबद्दल मी चार शब्द लिहिलेत." वाचू लागला. स्टूल आलं. बुटाची लेस आली. दोन सेकंद आले. शब्द न् शब्द माझ्या लेखातला, स्वल्पविरामासकट. काकू पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "किती छान लिहिलं वं या पोरानं."

मला काय झालं कुणास ठाऊक. सगळे खाली बसलेले, मी एकटा ताडकन उभा. पल्लवीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून, चांगलं मोठ्यानं, निघून गेलं:

"अहो, पण याच्यात माझं नाव कुठंय?"