बाटलीवरचे केस

माक्याच्या तेलाचा वास आला की निजामाच्या राज्यातली येरमाळ्याची जत्रा आठवते. मामा बैलगाडीवर उभे राहून भोंग्यातून आपल्या तेलाची जाहिरात करत होते. आमच्या मुलखात असलं आधी कुणी केलंच नव्हतं. बाटलीवर त्यांनी माझ्या मावशीचं चित्र छापलं होतं, कपाळभर कुंकू अन् गुडघ्यापर्यंत केस. त्याच साली मावशी विधवा झाली, तिचे केस काढले. गाडीमागून ती म्हणाली, "दादा, ते चित्र काढून टाका की आता." मामा म्हणाले, "अगं, तुझ्या केसांवरच तर तेल खपतंय." तेवढ्यात एका बाईनं बाटली निरखत मावशीलाच विचारलं, "असे केस खरंच येतात व्हय?" मावशीनं पदर कपाळावर ओढला. "येतात की," म्हणाली. आजही दुकानात बाटलीवर हसणारी बाई दिसली, की ही आता कशी असेल, हेच मनात येतं.