तुतीच्या झाडाखालची डागमावशी

कारखान्याच्या मागच्या अंगाला कामगार बायांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं, आणि तिथे कपडे धुणारी बाई म्हणजे डागमावशी. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. कुणी अंगावर काही सांडलं की बाकीची एका सुरात सांगायची, "डागमावशीकडे जा." सांडणारा मुकाट्याने धुण्याच्या खोलीकडे वळायचा. मावशीला त्या नावाचा राग नव्हता. "डाग लावणारी म्हणत नाहीत ना, मग झालं," ती म्हणायची.

तिची उमेदीची वर्षं पॅकिंग खात्यात गेली होती. खोकी उचलून उचलून उजवं मनगट कायमचं दुखावलं, तेव्हा तिला हलकं काम म्हणून इकडे धाडलं. हलकं म्हणजे चादरी, लंगोट, लाळेरी आणि गाद्यांचे ओले अभ्रे. सुरुवातीला तिला डागांतलं ओ की ठो कळत नव्हतं. एका पांढऱ्या सदऱ्यावर डाळिंब सांडलं, तिने खसाखसा साबण चोळला, आणि डाग जायचा सोडून काळानिळा होऊन ठाण मांडून बसला. ते तिला फार लागलं. मग दुपारी पोरं झोपली की ती फाटक्या चादरीचे तुकडे घेऊन बसायची. एकावर डाळिंब चिरडायचं, एकावर द्राक्ष, एकावर केळं. आणि कशाला काय लागू पडतं ते करून बघायचं. चुकत-माकत हात बसला.

पाळणाघराच्या अंगणात तुतीचं मोठं झाड होतं. त्या वर्षी ते असं लगडलं की पोरं दिवसभर त्याच्याखालून हलेनात. संध्याकाळी आया न्यायला यायच्या तेव्हा समोर जांभळी तोंडं, जांभळे हात आणि त्याहून जांभळे कपडे. आयांनी पाळणाघर डोक्यावर घेतलं. पाळणाघर सांभाळणाऱ्या बाई भल्या होत्या, पण रोजच्या कटकटीने त्यांनी हात टेकले.

"मावशी, झाड तोडणाऱ्याला निरोप दिलाय," त्यांनी धुण्याच्या खोलीत येऊन सांगितलं.

मावशीच्या हातातला पिळा तसाच राहिला. "हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला झालं, बाई. डाग कपड्यावर आणि कुऱ्हाड झाडावर?"

"मग मी काय करू? बोलणी मला खावी लागतात."

"हा बहर संपेपर्यंत थांबा. डागाचा कपडा घरी जाऊ द्यायचा नाही, आधी माझ्याकडे. आणि ज्यांना बोलायचं असेल त्यांनाही माझ्याकडेच पाठवा."

बाईंनी तिच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं. "झेपेल?"

"न झेपलं तर सांगेन की."

दुसऱ्या दिवसापासून मावशीची चूल थंड झाली नाही. सुती कपडा ती पातेल्याच्या तोंडावर ताणून दोरीने बांधायची आणि चांगलं हात-दीड हात उंचावरून उकळतं पाणी बरोब्बर डागावर सोडायची. जांभळा रंग पाण्याबरोबर खाली उतरायचा. डाग ताजा असेल तर त्यावर हिरवी, कच्ची तुती चोळायची. पिकल्या तुतीचं पाप कच्ची तुती फेडते, असं ती म्हणे. पांढऱ्याला लिंबू-मीठ आणि ऊन. लोकरीच्या स्वेटरला मात्र गरम पाणी दाखवायचंही नाही; त्याला गार पाणी आणि थोडा व्हिनेगर, हळूहळू, रुसलेल्या माणसाची समजूत काढावी तसं. आणि डाग पुरता उतरल्याशिवाय साबणाला शिवायचं नाही, हा तिचा कायदा. पोरं खिडकीच्या गजांना नाकं लावून बघायची. चुलीपाशी यायची कुणाची छाती नव्हती.

आयांची तोंडं हळूहळू बंद झाली. एक सोडून. शिलाई खात्यातली ती बाई एका संध्याकाळी तणतणत आली आणि मावशीपुढे एक पांढरा फ्रॉक टाकला.

"हा माझ्या आईने शिवलाय. तुम्ही डागाचे कपडे ठेवून घ्यायच्या आधीच घरी धुतला, तरी डाग तसाच. आता काढून द्या."

मावशीने फ्रॉक उजेडात धरला. "साबण लावलात?"

"लावणार नाही तर काय?"

"आणि वरून इस्त्री?"

"हो."

"मग डाग पक्का झालाय. करून बघते, पण शब्द देत नाही."

मावशीने त्या फ्रॉकसाठी जंग जंग पछाडलं. लिंबू झालं, व्हिनेगर झालं, ओला करून पुन्हा पुन्हा उन्हात घातला. डाग फिका झाला, गेला नाही. दुसरी एखादी असती तर त्यावर फूल शिवून मोकळी झाली असती. मावशी फ्रॉक घेऊन स्वतः शिलाई खात्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"गेला नाही," तिने सरळ सांगितलं. "माझ्या हातून एवढंच होतं."

मावशीची आता चांगली खरडपट्टी निघणार असं बाकीच्यांना वाटलं. पण ती बाई फ्रॉक मांडीवर घेऊन त्याची घडी घालायला लागली. म्हणाली, "मला डागाचं एवढं नाही हो, मावशी. घरी गेल्यावर पोरीशी बोलायला जरासा वेळ मिळतो, तोही धुण्यात जातो. ती काहीतरी सांगत असते आणि मी कपडा घासत तिच्यावर ओरडत असते."

मावशीने एवढे दिवस डाग पाहिले होते. घासणारे हात तिच्या ध्यानात आले नव्हते. ती तिच्या शेजारी टेकली. "तुझं मशीन जेवणाच्या सुट्टीत रिकामं असतं का गं?"

"असतं. का?"

"माझ्याकडे जुन्या चादरींचा ढीग पडलाय. पोरांना झाडाखाली जाताना घालायला झगे शिवशील? ढगळ, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. डाग पडू देत खुशाल, ते इथंच राहतील."

तिने शिवले. मग तिच्या मैत्रिणीही मदतीला आल्या. बहर सरत आला तरी अंगणात चादरींचे झगे घातलेली पोरं भुतांसारखी नाचत होती. झाड तोडणारा आला, त्याने बाईंनी सांगितल्याप्रमाणे खालच्या फांद्या तेवढ्या जरा छाटल्या, ओंजळभर तुती खाल्ली आणि गेला.

शनिवारी काम लवकर सुटायचं. एरवी पोरांना बखोटीला मारून पळणाऱ्या आया आता झाडाखाली रेंगाळू लागल्या. शिलाईवाली तर लेकीला कडेवर घेऊन वरच्या फांदीचा शेंडा ओढत होती, आणि पोर तिला कुणी कुणाला ढकललं ते सविस्तर सांगत होती. मावशी पायरीवर मनगट शेकत बसली होती.

"मावशी, या की," शिलाईवालीने हाक मारली. "तुमच्यासाठी गोड बघून काढल्यात."

मावशी उठली, डाग बघावा तशी एक तुती उजेडात धरून पाहिली, आणि तोंडात टाकली.