ओलं हेल्मेट

आमच्या गावात माईक आला की तो माझ्या हातात यायचा. गणपती असो, कुणाचा सत्कार असो, डोळे तपासणीचं शिबिर असो. मी गावातला पहिला पदवीधर, ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवतो, त्यामुळे "सर, तुमीच बोला" हे ठरलेलंच. मला त्याचा कंटाळा नव्हता. माझे आईवडील दोघंही सहीच्या जागी अंगठा लावणारे. गावाने मला वर काढलं असं मी मानतो, आजही मानतो. बी.ए.च्या शेवटच्या पेपरच्या दिवशी नाल्याला पूर होता, तेव्हा मला ट्रॅक्टरवर बसवून पलीकडे सोडलं ते आमच्या गावातल्या भाऊंनी. सगळे त्यांना नुसतं भाऊच म्हणतात. त्याच भाऊंनी त्या जानेवारीत बाईकची शर्यत ठेवली आणि मला बोलावलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

त्या जागेवर पूर्वी शंकरपट भरायचा. धान कापून झालं की बांध्या, म्हणजे शेतातले वाफे, मोकळ्या होतात. मधले मातीचे धुरे फोडून जमीन सपाट करायची आणि बैलजोड्या पळवायच्या. या खेपेला भाऊंच्या पुतण्यांनी ठरवलं, बैलांच्या जागी बाईक. शंकरपटाची सरळ पट्टी होतीच, तिला दोन वळणं जोडली. मंडपासमोरून निघायचं, मोहाच्या झाडाला वळसा घालायचा, मग बोडीच्या पाळीला लागून, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या शेततळ्याच्या बांधाला लागून वळायचं आणि पुन्हा मंडपासमोर यायचं. पोरं याला 'ट्रॅक' म्हणत होती. मीही माईकवरून ट्रॅकच म्हणत होतो.

सकाळपासूनच मला किळस येत होती, हे कबूल केलं पाहिजे. दोरीच्या अलीकडेपलीकडे जो तो प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटत उभा. बोलायला तोंड उघडण्याआधी थुंकायचं, गाडी सुटली की थुंकायचं, गाडी आली की थुंकायचं. माझ्या माईकची वायर जमिनीवरून गेली होती, ती दुपारपर्यंत लाल झाली. मुतारीची सोय नव्हती. मंडपाच्या मागे तुरीचा पट्टा होता, सगळे तिकडेच जात होते. वारा फिरला की तो वास पुढे खुर्च्यांपर्यंत यायचा आणि त्यावर जेवणाच्या कढईतल्या तेलाचा वास बसायचा. मी नाकाला रुमाल लावून "अतिशय चुरशीचा सामना" वगैरे बोलत होतो.

धुळीने मंडप दिसेनासा झाला तेव्हा टँकर बोलावला. तो एकदा येऊन गेला. मग भाऊंचा एक पुतण्या, ज्याचं गॅरेज आहे, त्याने गाड्यांमधून काढलेल्या जळक्या ऑइलचे डबे आणले आणि बोडीकडच्या वळणावर रिकामे केले. धूळ बसली. जमीन काळी, चकचकीत झाली.

"पाहा भाऊ, डांबरी रोड करून देल्ला," तो म्हणाला. सगळे हसले. बोडीच्या पाण्यावर कडेकडेने इंद्रधनुष्यासारखे रंग पसरले होते आणि गावच्या म्हशी त्याच पाण्यावर येतात, पण ते कोणी पाहिलं नाही.

उतरलेल्या गड्यांमध्ये एकजण बल्लारपूरचा होता. तिशीचा, बारीक अंगाचा. कागद कारखान्यात रोजंदारीवर जातो असं त्याने मला सांगितलं. बाकीचे तोंडाला दुपट्टा गुंडाळून किंवा डोक्यावर वाटीसारखं काहीतरी ठेवून गाडी चालवत होते. याच्याजवळ तोंडासकट सगळं डोकं झाकणारं काळं हेल्मेट होतं, पाठीमागे लाल पट्टी असलेलं. कोणी हात लावला की हा काढून घ्यायचा.

"जरा पाहू तं दे ना बे," एकाने म्हटलं.

"नाई. बायकोनं घेऊन देल्लं आहे. म्हणे, पळवाचीच अशीन गाडी तं हे घालूनच पळवा."

"मंग बायकोलेच बसवा लागत होतं मांगं!"

यावर तोही हसला, पण हेल्मेट त्याने काखेतून काढलं नाही.

त्याच्या फेरीत तो पुढे होता. बोडीकडच्या वळणावर त्याची गाडी एकाएकी आडवी झाली आणि घसरत पाळीला जाऊन आदळली. मंडपातून इतकंच दिसलं की धुरळा उठला, त्यातून तो उभा राहिला आणि त्याने हात वर केला. मी माईकवरून म्हणालो, "गडी उभा आहे! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून मंडपाच्या मागे नेलं. लोक दोरीखालून वाकून त्या बाजूला जायला लागले तसे भाऊ एका पुतण्याला घेऊन लगबगीने माझ्याकडे आले.

"मास्तर, माईक द्या याच्यापाशी. तुमी मारा एक चक्कर."

"मी? भाऊ, मले स्कुटी येते फक्त."

"काऊन, कॉलेजात अस्तानी चालवत नोयते का माझी गाडी? चाला. मानाची चक्कर आहे. गावातला पहिला शिकलेला माणूस. पब्लिक खुश होते."

पब्लिक खरंच खुश झालं. मंडपाच्या मागे निघालेले लोक परत दोरीला येऊन उभे राहिले.

"सर, गिअर पुस्तकात नाई रायत!"

"मास्तर, पॅन्ट सांभाळा!"

"हळू चालवा बाप्पा, वर्गातली पोरं वाट पाहून राह्यली!"

मला एका पुतण्याची दोनशे सीसीची गाडी दिली. कोणीतरी मागून येऊन डोक्यावर हेल्मेट घातलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. आत ओलं होतं. मला वाटलं घाम. दिवसभर एकमेकांच्या वस्तू वापरणं चाललंच होतं, आणि अशा वेळी मानाची चक्कर सोडून नाकं मुरडायची तर लोक म्हणतील, शिकला म्हणून आता आपल्या घामाचाही वीट आला. मी काच खाली केली.

जे खरं आहे ते लिहितो. पहिल्या वळणापर्यंत मला फार आनंद झाला. मोहाच्या झाडाशी गाडी वाकवली तेव्हा वाटलं की पडतो, पण चाकाने जमीन धरली. पुढे बोडीकडच्या वळणावर त्या ऑइलवर भाताचा कोंडा पसरलेला दिसला, ताजा, पिवळा, पोतंभर तरी. सकाळी तो तिथे नव्हता. मी वेग कमी करून त्याच्यावरून काढली, तरी मागचं चाक सरकलंच. मग सरळ पट्टी आली आणि मी हातातली मूठ पूर्ण पिळली. इतक्या वेगात मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. दोरीपलीकडची माणसं एकच लांब पट्टा झाली. इंजिनाचा आवाज कानात न राहता छातीत वाजत होता. मी हेल्मेटच्या आत ओरडलो.

ओरडण्यासाठी दम घेतला आणि तो वास आत गेला. घाम होता, खोबरेल तेल होतं, आणि त्याखाली आणखी काहीतरी. सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे पावसात अडकलो की नाकात जो ओल्या लोखंडाचा वास बसतो, तसला. डोकं गरम होत गेलं तसा तो वाढत गेला. उजव्या गालाला फोम चिकटत होता आणि सुटत होता. ओकारी आली. काच उघडायला हात सोडवेना, थांबावं म्हटलं तर समोर लोक हात उंचावून उभे. तशीच मी ती चक्कर पूर्ण केली, ओठ घट्ट मिटून, नाकाने श्वास घ्यायचा नाही असं ठरवून, आणि न घेऊन चालणार नव्हतं म्हणून थोडाथोडा घेत.

मंडपासमोर उतरलो तर लोकांनी मला उचललं. "सर, सर" चाललं होतं. पट्टा सोडून हेल्मेट काढलं तसा एकजण म्हणाला, "सर, तुमाले लागलं का? कानातून रगत येऊन राह्यलं."

मी हात लावला. बोटं लाल झाली. पण मला कुठेच दुखत नव्हतं.

हेल्मेट उलटं करून पाहिलं. आतला फोम काळसर, ओला. कोणीतरी तणसाने, भाताच्या पेंढ्याने, पुसायचा प्रयत्न केला होता. तणसाच्या काड्या त्या ओल्यात चिकटल्या होत्या. पाठीमागे लाल पट्टी होती.

मी मंडपाच्या मागे गेलो. बल्लारपूरचा तो गडी तुरीच्या पट्ट्याशी, सगळे दिवसभर जिथे लघवीला येत होते त्याच ओल्या जमिनीवर, पोत्यावर आडवा होता. त्याच्या कानातून बारीक धार मानेवर आली होती. शेजारी तो ओकला होता आणि त्यावर माशा बसल्या होत्या. त्याच माशा उठून त्याच्या ओठांवर बसत होत्या. राखणीला बसवलेला माणूस दोन पावलांवर बसून खर्रा घोटत होता.

"झोपून राह्यला," तो मला म्हणाला. "थकला बिचारा." आणि बाजूला थुंकला.

मी त्या गड्याला हाक मारली, गाल थोपटला. त्याने डोळे अर्धे उघडले आणि मिटले. आमच्या कॉलेजात एकदा प्रथमोपचाराचं शिबिर झालं होतं, त्यात एवढं कळलं होतं की डोक्याला मार लागलेला माणूस ओकला आणि पेंगायला लागला, तर वाट पाहायची नसते.

तेवढ्यात भाऊ आले.

"याले दवाखान्यात न्या लागते, भाऊ. आत्ता."

"नेऊ ना. पाहुणे येऊन राह्यले, हार घालून होऊ द्या. आत्ता जीप निघाली तं पब्लिक मांगं लागंन, पोलीस येईन, सारा कार्यक्रम खराब."

"माणूस मरंल."

"काही नाई मरत. उभा झाल्ता ना? तुमीच तं टाळ्या वाजवाले सांगतल्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, पुरातून कोणं नेलं होतं तुमाले?"

मला त्या वेळी त्यांच्या तोंडाचा वास आला, तंबाखूचा आणि मटणाच्या रश्शाचा. ज्या माणसाचे मी अनेकदा पाय धरले, त्याच्यापासून मी एक पाऊल मागे सरकलो. आणि कोंडा, ओलं हेल्मेट, मानाची चक्कर, हे सगळं मला एकदमच कळलं. मी पट्टीवर ओरडत होतो तेव्हा लोकांची तोंडं इकडे वळू नयेत, एवढंच माझं काम होतं.

"तुमीच नेलं, भाऊ," मी म्हणालो. "म्हणून तुमालेच म्हणून राह्यलो. जीप काढा. नाईतं मी माईकवरून सांगतो."

त्यांनी एकदा मंडपाकडे पाहिलं. मग त्यांनी जीपवाल्याला हात केला.

जीपवाल्याने आधी सीटवर पोती आणि तणीस अंथरलं. "सीट नवी आहे, सर. डाग जात नाई," तो म्हणाला, आणि त्यालाही माझ्यासारखीच किळस येत होती, फक्त दुसऱ्या गोष्टीची. मी मागे बसलो, गड्याचं डोकं मांडीवर घेतलं. हेल्मेट पायाशी ठेवलं, त्याचं होतं म्हणून. निघताना माईकवर पुतण्याचा आवाज आला, "सरांनी काय गाडी मारली, भाऊ! टाळ्या!"

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. कवटीला चीर होती, आत थोडं रक्त साचलं होतं. औषधं सुरू केली, रात्र जाऊ द्या, म्हणाले. वाढलं तर डोकं उघडावं लागेल. त्याच्या मोबाईलवरून त्याच्या बायकोला मीच फोन लावला. तिने एकच विचारलं, "हेल्मेट घातलं होतं ना त्याइनं?" मी हो म्हणालो. हे उत्तर खरं होतं.

ती सकाळच्या गाडीने आली. वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर मी बसलेलो, हेल्मेट मांडीवर. तिने आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे त्याइचं आहे. तुमच्यापाशी कसं?"

"मी घातलं होतं."

"कवा?"

"ते पडल्यावर."

"म्हंजे त्याइच्या डोक्यातून काढून तुमी घातलं?"

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो. कोणी घातलं, का घातलं, तेही सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती. तिने पट्ट्याचं टोक दोन बोटांत धरून हेल्मेट माझ्या मांडीवरून उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. आदल्या दिवशी मी भाऊंकडे तसाच पाहत होतो.

आवारातल्या नळावर बसून तिने पिशवीतून साबण काढला आणि ते धुतलं. फोम दाबायचा, लाल पाणी जाऊ द्यायचं, पुन्हा साबण लावायचा. मी बाकड्यावरून उठलो नाही. निघून जाणं बरं दिसलं नसतं, आणि जवळ जायची हिंमत नव्हती.

डॉक्टर फेरी आटोपून आले ते तिला शोधत नळापाशी गेले. रक्त वाढलं नाही, म्हणाले, शुद्ध आली आहे, बायको कुठे आहे, असं विचारतो आहे. उजव्या कानाचं नंतर पाहू, पण माणूस हाताला लागला. ती हेल्मेट तिथेच नळाखाली टाकून आत पळाली.

बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे पुसून झाले होते. धुतलेलं हेल्मेट तिने उन्हात पालथं ठेवलं, साबणाची वडी उचलली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, कानामांगं अजून आहे तुमच्या," ती म्हणाली. "धुऊन घ्या."

मी वडी घेतली आणि नळावर गेलो.