आईच्या दहाव्याला दिलेला शब्द

आईच्या दहाव्याला कावळा यायला पाऊण तास लागला. तो आधी आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आता सांगत नाही. कावळ्याचा त्यात काही दोष नव्हता.

आमच्याकडे साताऱ्यात दहावा माहुलीला, संगमावर करतात. पिंड मांडतात, शेजारी पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीबाही ठेवतात आणि सगळे मागे सरून उभे राहतात. कावळा शिवला की माणूस तृप्त झालं. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकला आहे असं समजायचं, कशात ते ओळखायचं आणि तसा शब्द मोठ्यानं द्यायचा. मी एम. ए. झालेले आहे, सांगलीत एका वाचनालयात नोकरी करते. यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. पण आपल्याच आईच्या पिंडाकडे कावळे पाठ करून बसलेले बघणं ही निराळी गोष्ट आहे, हे मला घाटावर उभी राहिल्यावर समजलं.

सुरुवातीला वातावरण हलकं होतं.

"चा ठेवलाय का? तिला चाबिगर काय सुचायचं न्हाई," मावशी म्हणाली.

"ठेवलाय की."

"साखर घातलीया त्यात?"

"डायबिटीस होता तिला," धाकटा भाऊ म्हणाला. डोक्याचा गोटा केल्यामुळे तो एकदम शाळकरी दिसत होता.

"आरं बाबा, आता कसला डायबिटीस! घाल दोन चमचं. जित्तेपणी कपाटात लपवून खायाची, आता तरी सुखानं पिऊ दे."

लोक हसले. मीही हसले. टपरीवरून गोड चहा आणला. पिंपळावरचा एक कावळा खाली आला, पानाभोवती दोन पावलं चालला आणि परत गेला. मग भावानं हात जोडून सांगितलं, "आई, वरचा मजला पुरा करतो." काही नाही. "आई, तुझं वर्षश्राद्ध मी स्वतः घालीन, कुणावर सोडणार नाही." काही नाही. ऊन चढलं. गुरुजींना पुढच्या दहाव्याला जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात सोय आहे."

"थांबा वो जरा," थोरले मामा म्हणाले. आईचे थोरले भाऊ, माणदेशातून पहाटे निघून आले होते. ते माझ्याकडे वळले. "लेक हाय की अजून बोलायची. पोरी, तुझ्यात आडकलाय जीव तिचा. दुसरं काय न्हाई."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या मागे. मागे माझा नवरा उभा होता. चार वर्षं मी त्याच्यापासून वेगळी राहत होते. आई गेल्याचं कळताच तो कराडहून आला होता, त्यानं खांदा दिला होता, आणि आजही पांढरा शर्ट घालून, हात बांधून, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा उभा होता. किती मोठ्या मनाचा माणूस, असं दोन बायका माझ्या कानावर जाईल अशा बेतानं बोलल्या होत्या.

"समदं इसरून आलाय बघ त्यो," मामा म्हणाले. "तू काय ते बोल आन् मोकळं कर माझ्या भनीला."

त्या माणसाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. तो मारायचा, पण मारण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ वाईट असायची. सकाळी तो चहा करून आणायचा, माझा सुजलेला हात बघून खऱ्या काळजीनं विचारायचा, "हे काय झालं गं?" मी गप्प राहिले की म्हणायचा, "बाथरूममध्ये घसरलीस ना काल? जपून चालत जा." शेजारी आले की माझ्याकडूनच वदवून घ्यायचा, "सांग की कशी पडलीस." मी सांगायची. पाच-सहा वर्षांनी असं झालं की मला ते पडणं दिसायला लागलं. ओली फरशी, बादलीची कड, निसटलेली चप्पल. जे घडलं नव्हतं ते मला आठवायचं, आणि घडलेलं आठवेनासं झालं.

दोनदा मी माहेरी आले. दोन्ही वेळा आईनं मला मामांबरोबर परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी साताऱ्याला गेलेच नाही. मुलीला घेऊन थेट सांगलीला एका मैत्रिणीकडे उतरले. तिथंच पुढं नोकरी लागली. पण माणूस लगेच सुधारत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक वर्गणीदार म्हणाले, पुस्तक मी केव्हाच परत केलंय. माझ्या रजिस्टरात ते जमा नव्हतं. मी त्यांची माफी मागितली आणि तीन दिवस कपाटं धुंडाळली. पुस्तक त्यांच्या घरी उशीखाली निघालं. ते हसत देऊन गेले. मला मात्र तेव्हाही वाटत राहिलं, की माझीच काहीतरी चूक असणार.

घाटावर मामा थांबले होते आणि मला आईचा शेवटचा आठवडा आठवत होता. मी रजा काढून दवाखान्यात बसायला आले होते. एका संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. शेजारच्या खाटेवरची बाई तपासणीला गेली होती, माझी मुलगी बाकावर झोपली होती. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुला मी दोनदा परत पाठवलं. आता कुणी सांगितलं तरी जाऊ नको. मी सांगितलं तरी जाऊ नको." मग तिनं विचारलं, नळाला पाणी आलं का. तिला वाटलं ती घरीच आहे.

हे मला स्पष्ट आठवत होतं. तिच्या केसांना दवाखान्यातल्या साबणाचा वास येत होता, तोही आठवत होता. पण घाटावर पन्नास माणसं आई काय इच्छीत होती ते मला सांगत होती. मावशी म्हणत होती, फोनवर तर रोज म्हणायची, लेक मार्गी लागली की मी सुटले. भाऊ मान हलवत होता. आणि मला बादलीची कड आठवली, ओली फरशी आठवली. न झालेली गोष्ट इतकी बारकाईनं बघू शकणारी बाई मी. आईचं ते बोलणंही मीच रचलं नसेल कशावरून? मला हवं होतं म्हणून?

"बोल गं बाय," मामा म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची बहीण गेली होती आणि तिच्या पिंडाकडे कुणी फिरकत नव्हतं.

मी म्हणाले, "आई, मी जाते परत नांदायला."

तीन कावळे एकदम उतरले.

त्यानंतर जे झालं त्याला आनंदच म्हणायला हवं. बायका रडायला लागल्या, मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, गुरुजी पुढच्या यजमानाकडे गेले. नवऱ्यानं नदीकडे बघत डोळे पुसले. माझी मुलगी, नऊ वर्षांची, माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात सोडला नाही, पण वरही बघितलं नाही.

पुढचे चार दिवस मला कुणी भांड्याला हात लावू दिला नाही. सगळं ठरलं. नवरा कामावर परत गेला, तो आम्हाला कराडच्या स्टँडवर न्यायला येणार. राजीनामा मी टपालानं पाठवायचा. सांगलीच्या खोलीतलं सामान भाऊ टेम्पो करून नंतर आणणार. तेरावं झाल्यावर निघताना भावजयीनं माझी ओटी भरली. चार वर्षांत ती कधी भरली नव्हती. हळदीकुंकवाला मी असले की तिला काहीतरी काम निघायचं. हिरवं खणाचं कापड होतं. ती म्हणाली, "आता सगळं छान होईल वन्सं," आणि मला वाटतं तिला तसं खरंच वाटत होतं.

भावानं आम्हाला सांगलीच्या गाडीत बसवलं, कंडक्टरकडून कराडची दोन तिकिटं काढून माझ्या हातात दिली. उंब्रज मागे पडलं. मग मुलीनं विचारलं, "माझी शाळा?"

"कराडलाही शाळा आहेत," मी म्हणाले.

गाडी कराड स्टँडात वळली तेव्हा तो चौकशीच्या खिडकीपाशी उभा होता. केस नीट विंचरलेले, हातात मिठाईचा पुडा. कुणीही सांगितलं असतं की हा माणूस आपल्या बायको-मुलीला न्यायला आलाय, आणि ते खरंच होतं. लोक उतरायला लागले. मी उठले नाही.

"ओ ताई, कराड! उतरा की," कंडक्टर म्हणाला.

"सांगली," मी म्हणाले.

"तुमचं तिकीट कराडचं हाय."

"पुढचं द्या."

"आधी ठरवायचं न्हवं का. दोन?"

"दोन."

तो मशीनवर बटणं दाबत पुटपुटला, "लय गंमत हाय लोकांची." तेवढ्यात नवऱ्याला खिडकीत मुलगी दिसली. त्यानं हात वर केला. मुलीनं त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. गाडी मागे घेतली तेव्हा तो पाच-सहा पावलं बाजूनं चालला आणि त्यानं पत्र्यावर थापा मारल्या. चेहऱ्यावर हसू होतं, कारण लोक बघत होते.

हे धाडस होतं असं नंतर मैत्रीण म्हणाली. मला तसं आठवत नाही. माझे पाय उठले नाहीत, इतकंच. आईचं बोलणं आठवून मी बसून राहिले, असं लिहायला मला आवडलं असतं.

इस्लामपूरला भावाचा फोन आला. "ताई, सगळ्यांदेखत शब्द दिलास तू. आईला फसवलंस." मी ऐकून घेतलं. दवाखान्यातली गोष्ट त्याला सांगावी असं ओठावर आलं, पण तो विचारणार, कुणी ऐकलं? म्हणून सांगितली नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही. वर्षश्राद्ध झालं ते मला मावशीकडून समजलं, तेही ती भलत्याच कामासाठी बोलत होती तेव्हा. मामा म्हणाले म्हणे, तिला बोलवू नका, कावळा यायचा न्हाई. आई एकदा गेली ती दवाखान्यात. नंतर तिचं घरही मला बंद झालं. साताऱ्याला जाणारी गाडी समोरून गेली की मी पाटी वाचत नाही.

नवऱ्यानं दोन-तीनदा वाचनालयात फोन केला. मग तोही थांबला. नोकरी आहे. मी अजून प्रत्येक नोंद दोनदा तपासते.

या जूनमध्ये आम्ही मुलीच्या पुस्तकांना कव्हर घालत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "आजी आपल्यावर चिडली असेल का? तू तिला जाणार म्हणालीस आणि आपण गेलोच नाही."

मी खाकी कागद दुमडत होते. मी म्हणाले, "आजीनंच मला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं."

"कधी?"

"दवाखान्यात. तू झोपली होतीस. मी तिची वेणी घालत होते."

"मग तिकडे घाटावर का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"बरं," ती म्हणाली आणि भूगोलाचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. तिनं आणखी काही विचारलं नाही. कुणी ऐकलं, हेही नाही.

कव्हरं घालून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ते वाक्य मी पहिल्यांदाच दुसऱ्या माणसापुढे उच्चारलं होतं, आणि उच्चारताना आवाज चाचरला नव्हता. एवढ्यावरून ते खरं ठरत नाही, हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळी आई काय बोलली हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं आहे. तिच्या वाट्याला इतका कच्चा साक्षीदार यावा, याचं मला फार वाईट वाटतं.