फाटकावर काढलेल्या चपला

फाटकावर बसणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी येतात आणि समोर चपला काढून उभे राहतात! मला लिहिता येत नाही. मी सांगतो, नात उतरवून घेते. ती 'पेशंट' लिहिते, मी 'पाहुणे' म्हणतो. चालू द्या.

धुळ्याला देवपुरात आमचं व्यसनमुक्ती केंद्र, मी तिथला वॉचमन. सगळे मला आबा म्हणतात. आमचा एक नियम फार कडक. जो भरती झाला, त्याच्या चपला माझ्या कपाटात. आत सगळे अनवाणी. कंपाउंडच्या भिंतीपेक्षा हा नियम भारी! धुळ्याच्या उन्हात डांबरावरून अनवाणी माणूस पळून पळून किती पळणार?

भर मे महिन्यात एक दारूवाला पाहुणा भिंतीवरून उडी मारून गेला. मी स्टुलावरून उठलोसुद्धा नाही. पंधरा मिनिटांत परत! पायांत भलत्याच चपला. म्हणाला, "आबा, पानटपरीवाल्याच्या आहेत. तेवढ्या देऊन या, वाट पाहतोय बिचारा!"

*

पूर्वी दारूवालेच यायचे. आता दुखण्याच्या गोळ्या खाणारी कोवळी पोरंही येतात. घरच्यांना ते पटतच नाही. गोळी डॉक्टरने लिहून दिलेली, तिचं कसलं व्यसन?

शिरपूरकडचे एक म्हातारे दहावीतल्या नातवाला घेऊन आले आणि मॅडमवर तापले. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. "आमच्या घरात सुपारी खात नाही कोणी! ह्याला हे शिकवलं कोणी?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाबा, खिसा फुगलाय. काय आहे त्यात?"

कोपरीच्या खिशातून गोळ्यांची चार पाकिटं निघाली! "ह्या होय? ह्या माझ्या गुडघ्याच्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. किती वर्षं झाली!"

मॅडमनी आत हाक मारली, "सिस्टर, दोन केस पेपर काढा!"

तेव्हा तो पोरगा पहिल्यांदा हसला.

*

हर्षदाच्या घरचे जीपमधून उतरले ते इतके नटलेले, की मला वाटलं पत्ता चुकले. आई जरीच्या साडीत, बाप कडक इस्त्रीत. रावेरकडचे केळीवाले. बाप प्रल्हादभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आबा, गावात सांगितलं का बस्त्याले चाललो. तुम्ही काही बोलू नका."

पोरगी सोळाची. खो-खो खेळताना पाठ दुखावली. डॉक्टरने दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. दहा दिवस संपले, गोळ्या संपल्या नाहीत. मेडिकलवाला त्याच जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. प्रल्हादभाऊंची पोरगी, नाही कसं म्हणणार? पुढे त्याने हात आखडला, तर मळ्यात डबा होताच. केळीचे घड खांद्यावर वाहून मजुरांचं अंग दुखतं, म्हणून संध्याकाळी एकेकाला गोळी द्यायची त्यांच्या मळ्यातली रीत. तो पत्र्याचा डबा भरून ठेवायचं कोण? प्रल्हादभाऊ स्वतः!

आधी दोन ठिकाणं फिरून झाली होती. एकीकडे म्हणाले, "बायकांची सोय नाही." दुसरीकडे म्हणाले, "अठराची झाली की आणा." पोरगी मला म्हणाली, "आबा, मग दोन वर्षं मी काय करू? खात राहू?"



आमच्या मॅडमनी मात्र नाही म्हटलं नाही. "जुन्या फायलींची खोली तिला रिकामी करून देते. सिस्टर शेजारीच असतात. पण पोर लहान आहे, घरचं एक माणूस तीन आठवडे इथे राहिलंच पाहिजे."

आईला अंथरुणावरच्या सासूला सोडून राहता येईना. सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ इस्त्रीची घडी नीट करत म्हणाले, "बाग कापणीवर आली, मॅडम. गाड्या लागल्या. केळी काही थांबत नाही. पुढच्या महिन्यात पाहू." आणि उठलेच!

जाताना आई मला विचारते, "आबा, इथं साड्या कुठं चांगल्या मिळतात? रिकाम्या हाताने गेलो तर गाव विचारेल!"

मागच्या सीटवर हर्षदा खिडकीतून माझ्या कपाटाकडे बघत होती.

*

नवव्या दिवशी दुपारी फाटकाशी हर्षदा! एकटी. एसटी बदलत बदलत आलेली. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, आणि उन्हात उभी असून थरथरत होती. एक शब्द बोलायच्या आधी तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या.

"पोरी, संगे कोण शे?"

"कोणी नाही."

मॅडमनी तिला तपासलं, पाणी पाजलं. पण भरती करायची तर घरच्यांची सही लागते. फोन लावला. पलीकडून भाऊ एवढंच बोलले, "येतो."

मी तिला माझ्या स्टुलावर बसवलं, अंगावर शाल टाकली.

"आबा, पप्पा नाही आले तर?"

"चपला घेतल्या ना मी? घेतलेल्या चपला काम झाल्याशिवाय मी परत देत नाही."

तिचं मन रमावं म्हणून पिंपळनेरच्या पोराचा किस्सा सांगितला. गोळ्यांपायीच आला होता, काडीसारखा. दोन महिने राहिला. निघायच्या दिवशी माझ्यावर ओरडतो, "आबा, चपला बदलल्या तुम्ही! ह्या बसत नाहीत!" मी म्हटलं, "चपला त्याच शेतस. तुझा पाय वाढला रे गड्या!"

हर्षदाने शालीतून स्वतःचे पाय बाहेर काढून बघितले.

*

उन्हं कलता कलता प्रल्हादभाऊ आले. ह्या खेपेला इस्त्री नव्हती. केळीच्या चिकाने शर्ट काळा पडलेला, चपलांना मळ्यातली माती. काखेत तो पत्र्याचा डबा. डबा त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला, मॅडमनी दाखवलं तिथे सही केली.

मॅडम म्हणाल्या, "आणि थांबणार कोण?"

भाऊंचा फोन वाजत होता. बहुतेक गाडीवाला असावा. त्यांनी तो बंद केला. मग बाहेर माझ्याकडे आले, वाकले आणि दोन्ही चपला काढून माझ्यापुढे धरल्या.

मी म्हटलं, "भाऊ, घरच्यांच्या चपला आम्ही ठेवत नाही. फक्त पाहुण्यांच्या."

"ठेवा, आबा," ते म्हणाले. "मागच्या खेपेले मीच पळालो होतो."