पट्ट्यावर की पर्समध्ये

माझ्या धाकट्या भावाला त्याच्याच शेताच्या वाटेवर टिपरखाली चिरडलं, तेव्हा मी हाकेच्या अंतरावर ज्वारीच्या कडेला उभी होते. हुरड्याचे दिवस होते. नवऱ्याला कामातून सवड नव्हती म्हणून मी एकटीच सोलापूरहून गावी गेले होते.

आमचं गाव भीमेच्या काठावर. नदीतली वाळू उपसून नेणारे टिपर भावाच्या रानातून वाट पाडायचे. बांध फुटायचे, उभं पीक दबायचं. त्यानं अर्ज करून पाहिले, भांडून पाहिलं आणि शेवटी वाटेवर दगड रचले. त्या दुपारी टिपर येऊन दगडांपाशी थांबला, तसा भाऊ हातातली कणसं खाली ठेवून पुढं गेला आणि आडवा उभा राहिला. पलीकडच्या बांधावर, ज्याचा तो वाळूचा धंदा, तो माणूस उभा होता. त्यानं हात वर केला आणि काहीतरी पुढं ढकलावं तसा हलवला. टिपर पुढं आला. भावजय आगटीपाशी पाठमोरी बसून कणसं भाजत होती. ती वळली ती आवाज झाल्यावर. त्याचा हात पाहिला तो मी एकटीनं.

पोलिसांना मी जे पाहिलं ते सांगितलं. ड्रायव्हर आणि तो, दोघंही आत गेले. आईला, भावजयीला आणि तिच्या लहान मुलीला आम्ही आमच्या घरी सोलापूरला घेऊन आलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटंसं युनिट आहे. मोठ्या कारखान्यांतून येणाऱ्या टॉवेलांना आम्ही कडा शिवून देतो. भावजय तिथं मशीनवर बसायला लागली. दुःख कमी झालं नाही, पण दिवसाला एक आकार आला.

मग वाळूवाल्याला जामीन मिळाला. जामीन मिळाल्यावर काही दिवसांनी तो युनिटमध्ये आला. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, हातात टॉवेलाचा नमुना बघायला घेतलेला. बायकांनी मशीनं थांबवली. त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण भावजय उठून उभी राहिली तेव्हा सगळ्यांना कळलं. तो माझ्याशी इतकं गोड बोलला की लांबून बघणाऱ्याला पाहुणाच वाटला असता. “ताई, रानात ऊन लई असतंय,” तो म्हणाला. “उन्हात डोळं फसत्यात. आपलं कुणी गेलं की मग हात दिसत्यात, पाय दिसत्यात. कोर्टात नीट आठवून सांगा.” टॉवेल घडी घालून त्यानं टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

पोलिसांनी एक शिपाई दिला. तो युनिटच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. काही आठवड्यांनी त्याला बंदोबस्तावर बोलावलं, तो परत आला नाही. त्यानंतर मी शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. चौकशी झाली, फेऱ्या झाल्या, नेमबाजीचं शिक्षण झालं. परवाना हातात आला तेव्हा आम्ही पुण्याला जाऊन रिव्हॉल्व्हर आणलं. येताना नवरा गाडी चालवत होता आणि ते खोक्यासकट माझ्या मांडीवर होतं.

घरी पहिला प्रश्न आला तो ते ठेवायचं कुठं याचा. परवाना माझ्या नावावर, म्हणजे बाळगायचं मीच. दुकानदारानं दोन्ही दाखवलं होतं: कमरेच्या पट्ट्याला लावायचं चामडी कव्हर, आणि पर्समध्ये बसेल असं मऊ कव्हर. आम्ही दोन्ही आणली होती, कारण दुकानात ठरवता आलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं होतं की ते कुणाला दिसता कामा नये. दिसलं की लोकांच्या तोंडी होतं, आणि लोकांच्या तोंडी झालेली गोष्ट त्याच्यापर्यंत जाते. मग तो आपल्यापेक्षा मोठी तयारी करून येईल. भावजयीला हे पटेना. एरवी ती माझ्या नवऱ्यासमोर बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. “वन्सं, पर्समदलं कुणाला दिसणार? तुमाला मारल्यावर पोलिसांला? त्याला दिसू द्या की. येताना त्यानं इचार करायला पायजे.”

मला दोघांचंही पटत होतं, आणि तेच वाईट होतं. एकाचं चुकलेलं असतं तर सोपं गेलं असतं.

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिनं त्या वस्तूकडं बघितलंसुद्धा नाही. नंतर मी भांडी लावत असताना ती स्वयंपाकघरात आली आणि माझा हात धरला. “साक्ष नगं देऊ पोरी,” ती म्हणाली. “एक गेला. त्यो काय माघारी येतोय व्हय? तू तरी ऱ्हा.” ज्या बाईचा मुलगा गेला ती मला गप्प बस म्हणत होती. तिच्यावर रागावता येईना आणि तिचं ऐकताही येईना. मी हात सोडवून घेतला. ती तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली.

मी आधी पर्स निवडली. वाटलं होतं, निदान आपलं तोंड तरी पूर्वीचं राहील. पण पर्सचंच ओझं झालं. खांद्यावरून ती उतरवताच येईना. लग्नात जेवायला बसले तरी मांडीवर, दवाखान्यात तपासायच्या टेबलावर उशाशी. नणंदेनं एकदा सहज धरायला हात पुढं केला तर मी ती हिसकावून घेतली. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आणि एवढं करून, खरंच कुणी समोर आलं तर चेन उघडायची, रुमाल, किल्ल्या बाजूला सारायच्या, मऊ कव्हरातून ते काढायचं. मी घरात दार लावून करून पाहिलं. तेवढ्या वेळात माणूस मारून चहा पिऊन जाईल, असं नवऱ्यानंच शेवटी कबूल केलं.

तरी मी पर्सच ठेवली असती. पण एका रविवारी मी केस धुऊन बाहेर आले, तर भाची पलंगावर माझी पर्स मांडीत घेऊन बसलेली. तिला केसाला लावायचा चाप हवा होता. चेन उघडी होती आणि तिचा हात कोपरापर्यंत आत. मला ओरडता आलं नाही. ओरडले तर ती दचकेल, बोटं आवळेल. मी हसल्यासारखं तोंड केलं, तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, “थांब, मी देते.” तिनं हात बाहेर काढला. हातात चापच होता. तो मीच तिच्या केसाला लावला आणि मग मोरीत जाऊन दार लावून बसले. न्हाऊन येईस्तोवर कपाटाला कुलूप लावायला हवं होतं, एवढंच सगळ्यांनी म्हटलं असतं. पण कुलूप लावून ठेवायचं तर ते आणलं कशाला, हा प्रश्न राहिलाच असता.

दुसऱ्या दिवसापासून मी साडी सोडली. कुर्ता, त्याच्यावर पट्टा, पट्ट्याला उघड्यावर ते कव्हर. भावजयीनं मला बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी तिची मान सरळ झालेली मला दिसली.

बाहेर मात्र निराळं झालं. भाजीवाली, जिच्याशी मी वर्षानुवर्षं घासाघीस करायचे, ती मी सांगेन तो भाव कबूल करायला लागली आणि पिशवी भरून दिली की दुसरीकडं बघायची. सिटी बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. शाळेत भाचीला आणायला गेले तर गेटवरच्या माणसानं अदबीनं सांगितलं की मॅडम, आत नको, मुलगी बाहेर पाठवतो. युनिटमध्ये बायकांची गाणी, चेष्टा बंद झाली. मी फेरी मारायला आले की नुसता मशीनांचा आवाज. सगळ्यात जुनी कामगार, पद्मशाली विणकर घरातली, माझ्याहून मोठी, एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं आली आणि उद्यापासून येत नाही म्हणाली. मी कारण विचारलं.

“अक्का, तुमच्याकडं बंदूक हाय म्हंजे तुमच्यावर बंदूक येणार,” ती म्हणाली. “मधी आमी बसलोय.”

तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. तिनं डबा पिशवीत घातला, कात्री माझ्या टेबलावर ठेवली आणि रिक्षाच्या थांब्याकडं चालत गेली.

तरी मी ते काढलं नाही. वाटायचं, एवढं गेलंय तर निदान त्याला तरी दिसू दे. आणि त्याला दिसलं. मी पेट्रोल पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरत होते, तेव्हा त्याची गाडी शेजारच्या रांगेत येऊन उभी राहिली. मागची काच खाली गेली. तो आत बसला होता. नुसता माझ्या कमरेकडं बघत राहिला. माझा तळहात आपोआप कव्हरावर गेला. बटण उघडलं नाही, काही काढलं नाही, नुसता तळहात ठेवला. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या हातात मोबाईल होता, हे मला नंतर कळलं.

तक्रार झाली की मी त्याला बंदूक दाखवून धमकावलं. पोलीस ठाण्यात मला बोलावलं. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं चित्रण मला दाखवलं. त्यात मी भीतीनं उभी असलेली दिसत नव्हते, चिडून उभी असलेली दिसत होते.

“हात कशाला ठेवला मॅडम?”

“भीती वाटली म्हणून.”

“भीती वाटली तर हात लांब ठेवायचा,” तो म्हणाला. “परवाना शस्त्र बाळगायचा आहे, दाखवायचा नाही. असं दुसऱ्यांदा आलं तर मला वर कळवावं लागेल, आणि परवाना गेला तर परत मिळायचा नाही.”

सरकारी वकिलांनी फोनवर हेच जास्त कडक शब्दांत सांगितलं. साक्षीदारच दहशत घालते असं ते कोर्टात म्हणतील, तुम्ही त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंत. घरी आल्यावर मी कुर्त्यावरचा पट्टा कुर्त्याखाली घातला आणि वर जाड ओढणी घेतली. भावजयीनं पाहिलं. तिनं जेवणं वाढली आणि स्वतः न जेवता निजली.

ओढणीखालचं ते सोलापूरच्या उन्हाळ्यात कसं टोचायचं ते काय सांगू. कमरेला घामोळं आलं, त्याचं पुढं गळू झालं. पर्समध्ये होतं तेव्हा त्याला कळत नव्हतं म्हणून भीती, पट्ट्यावर होतं तेव्हा कळत होतं म्हणून भीती. आता कळलं होतं आणि दिसत नव्हतं, म्हणून दोन्ही भीती एकदम. मी त्या दिवसांत नवऱ्याला एकदा म्हणाले की अहो, आपण साक्ष सोडून देऊ. तो म्हणाला, “तू सोडलीस तर मी तुला काही म्हणणार नाही.” त्यानं सोडू नकोस म्हटलं असतं तर मी भांडले असते, सोड म्हटलं असतं तरी भांडले असते. त्यानं मला भांडायलाही जागा ठेवली नाही.

साक्षीची तारीख आली. कोर्टाच्या आवारात शस्त्र नेता येत नाही, म्हणून ते मी घरी कुलपात ठेवून गेले होते. ज्या एका ठिकाणी तो माझ्यापासून दोन हातांवर उभा राहणार होता, तिथंच मी मोकळ्या कमरेनं गेले. पिंजऱ्यात उभं राहून मी सगळं सांगितलं: दगड, भाऊ, बांध, हात. मग त्याच्या वकिलानं विचारायला सुरुवात केली. ऊन कुठल्या बाजूला होतं? ज्वारी किती उंच होती? हात वर केला तो थांब म्हणून नसेल कशावरून? आणि शेवटी, तुम्ही कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरता हे खरं आहे का? मी हो म्हटलं. कोर्टात बसलेल्या लोकांत कुजबुज झाली. कशासाठी, असं त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “मी तो हात पाहिलाय म्हणून.”

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं का नाही, माझ्या लक्षात नाही. खाली उतरले तेव्हा भावजयीनं धरून आणलं.

निकालात ड्रायव्हरला शिक्षा झाली. हात नेमका कशासाठी वर केला होता हे शंकेपलीकडं सिद्ध होत नाही, म्हणून तो सुटला. निकाल ऐकून भावजय रडली नाही. आईनं मात्र घरी देवापुढं नारळ फोडला. मला वाटतं, मी जिवंत घरी आले म्हणून.

आम्ही वरच्या कोर्टात गेलो आहोत, ते चालू आहे. मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायची नोटीस आली. तो त्याच निवडणुकीला उभा होता. मी रिव्हॉल्व्हर जमा करून पावती घेतली आणि बाहेर आले, तर रस्त्यावर त्याचीच जीप, त्याचाच फोटो, हात जोडलेला. त्या दिवसांत मी भाचीला शाळेत सोडायला पायी जायचे. ती माझा हात धरून पुढं उड्या मारायची आणि मी मागून येणारी प्रत्येक गाडी ऐकायचे. कमरेला काही नसल्यानं मोकळं वाटेल असं कुणी सांगितलं होतं. तसं वाटलं नाही.

तो निवडून आला. मिरवणूक आमच्या रस्त्यानं गेली, आम्ही दारं लावून घेतली. त्यानंतर शस्त्र परत न्या असा निरोप आला. मी जावं की तिथंच राहू द्यावं यावर आम्ही चौघं एक सकाळ बोलत बसलो. अखेरीस मीच उठले, ठाण्यात गेले, सही केली, आणि ते ओढणीखाली लावून कामावर गेले. दहा टॉवेलांच्या गठ्ठ्याला दोरी बांधताना ते बरगडीला लागत होतं. भावजयीनं मला दुसरीकडं बसायला सांगितलं आणि दोरी स्वतः घेतली.